आधी किल्ल्या मोजा

पत्र:

"मी कोपरखैरण्याला राहते. शाळेत शिकवत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या सेक्टरमधलं विरंगुळा केंद्र महापालिकेने बांधलंय आणि आमचा ज्येष्ठ नागरिक संघ ते चालवतो. एप्रिलच्या सभेत 'बाईंचं अक्षर चांगलं आहे' म्हणून मला कार्यवाह केलं. किल्ल्यांचा जुडगा हातात आला आणि माझी झोप गेली.

आमचे एक सभासद आहेत, ७१ वर्षांचे. कॅरमवरून त्यांचं अध्यक्षांशी वाजलं. अध्यक्ष म्हणाले, 'उद्यापासून इथे पाऊल टाकायचं नाही', आणि वॉचमनलाही तसं सांगून ठेवलं. दोन महिने झाले. ते गृहस्थ रोज संध्याकाळी केंद्रासमोरच्या बसस्टॉपवर येऊन बसतात. बस आली तरी उठत नाहीत.

दुसरं म्हणजे, घरकाम करणाऱ्या १४ जणींचा एक बचत गट आहे. दर मंगळवारी दुपारी २ ते ४ हॉल मिळावा, असा त्यांनी अर्ज केलाय. त्या वेळी हॉल बंदच असतो. कार्यकारिणीत म्हणणं पडलं की केंद्र ज्येष्ठांचं आहे, आज या आल्या तर उद्या कोणीही येईल, टॉयलेट खराब करतील. एक जण तर 'बाहेरच्या आहेत त्या' असंही म्हणाले. शेवटी 'बघू' असं सांगायचं ठरलं. तिसरं, हॉल बारशा-साखरपुड्यांना दिला जातो. ओळखीच्यांना फोनवर मिळतो, बाकीच्यांना 'बुक आहे' म्हणतात. नोंदवही उघडली तर पानं कोरी.

मी काही बोलले की 'नवीन आहात, कळेल हळूहळू' असं उत्तर येतं. मला भांडायचं नाही. राजीनामा द्यावा का?"

एक कार्यवाह, कोपरखैरणे

उत्तर:

बाई, नमस्कार.

राजीनाम्याचं नंतर बघू. आधी मला सांगा, त्या केंद्राच्या किल्ल्या एकूण किती आहेत आणि कोणाकोणाकडे? तुमच्या जुडग्याचं विचारत नाही. कुलपाबरोबर आलेल्या किल्ल्यांपैकी एक तुमच्याकडे, एक अध्यक्षांकडे असणार. बाकीच्या कुठे आहेत? आणि चावीवाल्याकडून नंतर किती करून घेतल्या? एखादी तरी केटररच्या नाहीतर मंडपवाल्याच्या खिशात निघेल, असा माझा अंदाज आहे. हे शोधायला दोन-चार दिवस जातील, पण तुमचा संघ कोण चालवतं ते त्यातून कळेल. कार्यकारिणीची यादी फलकावर लावलेली असते. दार कोण उघडू शकतं याची यादी कुठेच लावलेली नसते.

मला हे सुचतं कारण ठाण्यात एका छोट्या वाचनालयाचा मी नऊ वर्षं मानद चिटणीस होतो. आमची अभ्यासिका सकाळी १० ला उघडायची. स्पर्धा परीक्षांची मुलं साडेसातपासून पायऱ्यांवर बसलेली असायची, आणि मी त्यांना रोज 'वेळ १० ची आहे' असं ऐकवायचो. एकदा एका मुलीने विचारलं, "१० च का, काका?" मला उत्तर येईना. इतिवृत्तांच्या वह्या चाळल्या. ठराव कुठेच नव्हता. शेवटी जुन्या शिपायाने सांगितलं की आधीचे ग्रंथपाल बदलापूरहून यायचे आणि त्यांची गाडी त्यांना पावणेदहाला ठाण्यात सोडायची. ते निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या लोकलचं वेळापत्रक मी नियम म्हणून पाळत होतो, आणि पाळताना मला मोठा शिस्तीचा वगैरे वाटत होतो. तुमच्या केंद्रातला हॉल दुपारी बंद का असतो, हेही असंच एकदा विचारून बघा.

आता कागद. ती इमारत संघाच्या मालकीची नाही. ती महापालिकेची, म्हणजे नागरिकांची. संघाला ती चालवायला दिली आहे. ती कुठल्या अटींवर दिली, किती मुदतीसाठी दिली, भाड्याने द्यायची परवानगी आहे का, हे एका करारनाम्यात किंवा पत्रात लिहिलेलं असणार. तो कागद शोधा आणि सही करणाऱ्याने वाचला नसेल इतक्या बारकाईने वाचा. संघाच्या कपाटात सापडला नाही तर पालिकेच्या विभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, आणि २००५ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. संघ या कायद्याखाली येतो की नाही यावर वाद घालत बसू नका. पालिका नक्की येते आणि कागद तिच्याकडेही असतोच. करारात व्यावसायिक वापराला मनाई असेल आणि तुम्ही साखरपुड्यांचं भाडं घेत असाल, तर ते आजच थांबवा. त्यात तुमचीही सही अडकेल.

आणखी एक तपासा. तुमचा संघ नोंदणीकृत असेल तर बहुधा १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, अशा दोन्हींखाली असेल. कारभारी मंडळात बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. एप्रिलमध्ये तुम्ही कार्यवाह झालात. अर्ज दाखल झाला का? की तिथल्या दप्तरात अजून जुन्याच बाईंचं किंवा बुवांचं नाव आहे? दुसऱ्यांना नियम सांगायच्या आधी हे एक घरचं काम उरकून घ्या.

आता त्या बसस्टॉपवरच्या गृहस्थांकडे येतो. तुमचं पत्र वाचताना माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं.

त्यांना काढलं कोणी? अध्यक्षांनी. अध्यक्षांना एकट्याने सभासद काढायचा अधिकार संघाच्या घटनेत आहे का? बहुतेक नसेल. ठराव झाला का? तुम्ही लिहीत नाही, म्हणजे झाला नसावा. त्यांना लेखी काही कळवलं का? वॉचमनला सांगितलं, बस. म्हणजे बाई, त्या गृहस्थांना काढलेलंच नाही. ते आजही सभासद आहेत, आणि दोन महिने एक सभासद बाहेर बसलाय. तो जवाब आता कार्यवाह म्हणून तुम्हालाही द्यायचा आहे. वॉचमनवर चिडू नका. त्याचा पगार ज्यांच्या हातात आहे त्यांचं त्याने ऐकलं. यापुढे कोणाला आत सोडायचं नाही हे त्याला लेखीच द्यायचं, तुमच्या सहीने, एवढं मात्र ठरवा. दाराशी उभ्या असलेल्या माणसावर असल्या तोंडी हुकुमांचं ओझं टाकणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

सभासदाला काढणं संस्थेच्या हातात नसतं असं नाही. असतं, आणि कधीकधी काढावंही लागतं. १९६२ साली बेळगावच्या एका लॉजचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. (लॉज म्हणजे राहायजेवायचं नव्हे. फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघटनेच्या मंडळींचं.) एका सभासदाला काढलं होतं आणि तो थेट दिल्लीपर्यंत गेला. न्यायालयाने सांगितलं की काढण्याचा अधिकार संस्थेला तिच्या नियमांतून मिळतो, म्हणून तो नियमांप्रमाणेच वापरायचा. तो सद्भावनेने वापरायचा आणि नैसर्गिक न्यायाला धरून. तो सभासद खटला हरला, कारण लॉजने नियम पाळल्याचं न्यायालयाला दिसलं. तुमच्या अध्यक्षांना हे जरूर सांगा. पद्धत पाळली तर सर्वोच्च न्यायालयसुद्धा संस्थेच्या बाजूने उभं राहतं.

पद्धत म्हणजे फार मोठं काही नाही. तक्रार काय आहे ते तारखेसकट लेखी द्यायचं. उत्तराला आठवडाभर तरी वेळ द्यायचा. मग ऐकून घ्यायचं, आणि ऐकणाऱ्यांत अध्यक्ष नकोत, कारण भांडण त्यांच्याशीच झालंय. त्यांनी साक्ष द्यावी आणि बाहेर चहा प्यावा. कार्यकारिणीबाहेरचा, दोघांनाही मान्य असा एखादा सभासद ऐकायला बसवलात तर उत्तम. काकांची चूक निघाली तर शिक्षेला मुदत हवी. महिनाभर कॅरम बंद, वाचनाची खोली चालू, असंही करता येतं. 'पाऊल टाकायचं नाही' ही ७१ व्या वर्षी दिलेली जन्मठेपच की.

काकांची बाजूही मला माहीत नाही. कदाचित ते खरंच तिरसट असतील. कदाचित त्यांनी स्ट्रायकर फेकून मारला असेल, किंवा कोणा बाईंना घाणेरडं बोलले असतील. तसं असेल तर चौकशी होईपर्यंत त्यांना चार दिवस थांबवणं गैर नाही, कारण आत बसलेल्यांची जबाबदारीही तुमच्याचवर आहे. पण चार दिवस म्हणजे चार दिवस. हॉलमध्ये बसलेल्यांचं म्हणणं तुमच्या कानावर आपोआप पडतं, चहाबरोबर पडतं. बसस्टॉपवर बसलेल्याचं ऐकायला कोणीतरी उठून रस्ता ओलांडावा लागतो.

बचत गटाचं थोडं वेगळं आहे, कारण त्या सभासद नाहीत. 'केंद्र ज्येष्ठांचं आहे' या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांनी संध्याकाळी ५ ते ७ हॉल मागितला असता तर नाही म्हणायला मी तुमच्याबरोबर उभा राहिलो असतो. त्या वेळी आजोबा-आजींची बैठक असते आणि इमारत त्यासाठीच बांधली आहे. पण दुपारी २ ते ४ तिथे कोण असतं? पंखे आणि पाली. बंद खोली न दिल्याने ज्येष्ठांची नक्की कोणती सोय राखली जाते, हे कार्यकारिणीने एका वाक्यात लिहून दाखवावं.

आणि एक प्रश्न तुम्ही कोणीच विचारला नाही असं दिसतं. त्या १४ जणींपैकी साठी ओलांडलेल्या किती आहेत? घरकाम करणारीला निवृत्तीचं वय नसतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे ६० पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक असते. त्यात बंगल्यातली आणि बैठ्या चाळीतली असा फरक नाही. तुमच्या संघाने कधी त्यांच्यापैकी कोणाला सभासदत्वाचा अर्ज दिला? वर्गणी किती आहे? अर्जावर दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते का? लागत असेल तर त्यांना ओळखणारे जुने सभासद कोण? त्या ज्यांची भांडी घासतात तेच ना? दार उघडं ठेवून उंबरा उंच करायचा प्रकार असा असतो. बहुतेक वेळा तो कोणी ठरवून केलेलाही नसतो.

'टॉयलेट खराब करतील' याबद्दल मी जपून लिहितो. जी बाई सकाळी सात ते बारा तुमच्या कार्यकारिणीतल्या चार घरांची बाथरूम धुते, ती दुपारी केंद्राचं टॉयलेट खराब करेल, या वाक्यात कोणती भीती बोलते आहे ते आपल्या पिढीला समजावून सांगायची गरज नसावी. राज्यघटनेचं कलम १५ (२) असं सांगतं की सरकारी पैशावर पूर्ण किंवा थोड्या प्रमाणात चालणाऱ्या, लोकांनी वावरायच्या जागांबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही. त्या यादीत वय नाही, म्हणून 'ज्येष्ठांसाठी' हे बंधन चालतं. वयाचं नाव पुढे करून यादीतलं काही मागच्या दाराने आत येत नाही ना, एवढं बघायचं.

महाड आठवा. तिथलं चवदार तळं नगरपालिकेच्या ताब्यात होतं. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद पक्के होते. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चालत जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. पुढे खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १९३७ उजाडलं. पहिल्या ठरावापासून चौदा वर्षं. तुमच्या कार्यकारिणीला मी त्या रांगेत बसवत नाही, गैरसमज नको. पण कागदावर सर्वांची असलेली जागा प्रत्यक्षात कोणाची, हे काठावर उभे असलेले ठरवतात, हे आपल्याला कोकणातल्या एका तळ्यानेच दाखवलंय. त्या नगरपालिकेने ठराव करून हात झटकले. पुढचं तिने पाहिलं नाही.

'बाहेरच्या' म्हणणाऱ्यांना मात्र मी हसलो. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली ती १७ मार्च १९७० ला. त्यानंतर वाशीला, नेरूळला, कोपरखैरण्याला जे आले ते सगळे बाहेरचेच. तुम्ही, मंडईतले माथाडी, बँकेतले, आणि ते म्हणणारे गृहस्थसुद्धा. आधीपासून इथे होते ते आगरी-कोळी. त्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर आपली सेक्टरं बसली, आणि मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरणजवळच्या जासईला त्यांना पोलिसांच्या गोळ्या झेलाव्या लागल्या. त्यांच्यापैकी कोणी उद्या केंद्रात येऊन 'बाहेरचे कोण?' असं विचारलं तर त्या गृहस्थांना बॅग भरावी लागेल.

असो. करायचं काय? गटाचा अर्ज अनिर्णित ठेवू नका. 'बघू' हे उत्तर नाही. त्यात नकार असतो, पण नकाराचं कारण द्यायची वेळ येत नाही. विभाग कार्यालयाला एक पत्र लिहून विचारा की दुपारच्या रिकाम्या वेळेत बचत गटाला हॉल देण्यास हरकत आहे का. मग तीन महिने देऊन बघा. अटी सगळ्यांना त्याच: एक जबाबदार व्यक्ती, थोडी अनामत, जाताना झाडून-पुसून किल्ली परत. तीन महिन्यांनी तक्रार आली तर तक्रारीवर बोला. येण्याआधी नको.

हॉलच्या बुकिंगवर फार लिहीत नाही, तुम्हाला सगळं दिसतंच आहे. महिन्याचं कॅलेंडर दाराच्या बाहेरच्या बाजूला लावा, आतल्या फलकावर नको. ज्याला 'बुक आहे' सांगितलं जातं तो बाहेर उभा असतो, त्याला वाचता आलं पाहिजे. पावतीपुस्तक क्रमांक छापलेलं घ्या, भाडं संघाच्या बँक खात्यातच जमा करा. फोनवरचं बुकिंग बंद. पहिल्या महिन्यात चार जण रुसतील.

आता हे सगळं कार्यकारिणीत कसं घ्यायचं? तुम्ही म्हणता, भांडायचं नाही. भांडूच नका. तुमच्या हातात भांडणापेक्षा मोठी वस्तू आहे आणि तिच्यामुळेच तुम्हाला हे पद मिळालं. अक्षर. इतिवृत्त कार्यवाह लिहितो. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हे तीन विषय सुटे सुटे घाला आणि चर्चा चालू असताना लिहीत राहा. कोणी 'त्या बाहेरच्या आहेत' म्हणालं की मान वर करून शांतपणे विचारा, "हे तुमच्या नावाने लिहू ना?" वर्गात हा प्रयोग तुम्ही तीस वर्षं केला असेल. दहातली आठ वाक्यं तिथल्या तिथे मागे घेतली जातात. उरलेली दोन लिहून ठेवा.

अध्यक्षांना मात्र कोपऱ्यात ढकलू नका. पत्रावरून ते मला खलनायक वाटत नाहीत. अशी माणसं पंधरा-पंधरा वर्षं फुकट राबलेली असतात. ट्यूबलाइट गेली तर स्वतःच्या खिशातून आणतात, पालिकेत खेपा घालतात, ध्वजवंदनाला पहाटे येऊन खुर्च्या मांडतात. हळूहळू त्या जागेला ते आपलं घर समजू लागतात, आणि घरात कोणाला घ्यायचं ते आपण ठरवतो, तसं वागू लागतात. सभेच्या आधी त्यांच्या घरी जा. त्यांचं केंद्रासाठीचं काम आधी बोला, खोटं नको, खरं असेल तेवढंच. मग सांगा की उद्या काकांच्या मुलाने वकिलाची नोटीस पाठवली तर ती त्यांच्याच नावाने येईल, आणि त्या वेळी दाखवायला आपल्याकडे एक ओळही लिहिलेली नसेल. नियमांची ढाल त्यांच्यासाठी आहे हे त्यांना पटलं तर अर्धं काम झालं.

नाहीच पटलं तर विभाग कार्यालय आहे, धर्मादाय आयुक्त आहेत. पण तिथे जायची घाई करू नका. तक्रार झाली की पालिका पहिल्यांदा काय करेल? आपलं कुलूप लावेल. मग काका, बचत गट आणि अध्यक्ष, तिघेही बसस्टॉपवर. आधी सभासदांची सर्वसाधारण सभा घ्या. तिथे बहुमत तुमच्या बाजूने निघालं तर मला नवल वाटणार नाही. गप्प बसणारे बरेच असतात, त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

राजीनाम्याचं विचारलंत. दोन सभा बघा. इतिवृत्त लिहू दिलं नाही, किंवा लिहिलेलं बदलायला लावलं, तर द्या. तो लेखी द्या, कारणांसह, प्रत सर्व सभासदांना. किल्ल्या देताना किती दिल्या आणि कोणाला दिल्या याची पोच घ्या.

पण बसस्टॉपवर जायला सभेची वाट बघायची गरज नाही. तुम्ही कार्यवाह आहात आणि ते सभासद आहेत. उद्या संध्याकाळीच जा. पावसाचे दिवस आहेत, छत्री न्या. फोन नको, निरोप नको, शेजारी जाऊन बसा. "काका, तुम्हाला काढल्याचा ठराव माझ्या वहीत नाही," एवढं सांगा, आणि मग कॅरमच्या दिवशी नेमकं काय झालं ते विचारा. ते आधी दोन बसेस जाऊ देतील. तुम्हीही जाऊ द्या.